पोरीच्या नावाची मूठ

साक्री
२९ जुलै २०२४

हेमलता,

फोन केला की तुझा भाऊ उचलतो, माझा आवाज ऐकला की ठेवून देतो. वकिलानं सांगितलंय म्हणे, सासरच्यांशी फोनवर बोलू नका, जे असेल ते लिहून घ्या. घे तर मग. चौथीत शाळा सुटली माझी. शब्द वाकडे दिसले तर मान वाकडी करून वाच.

कानबाई अकरा ऑगस्टला बसते, रविवारी. आदल्या दिवशी दुसरा शनिवार. कोर्टाच्या कागदाप्रमाणे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी रोशनी माझीच असते. यंदा सोमवार जास्तीचा दे. विसर्जन बघू दे पोरीला. सात वर्षांची झाली, तिला स्वतःच्या कुळाची कानबाई देवी आठवतसुद्धा नाही. मागच्या महिन्यात मला विचारते, "आजी, नारळाला नथ का घालतात?" मला हसू पण आलं आणि तुझा राग पण आला.

किरणचा सुरतहून फोन होता. म्हणाला, "आय, यंदा कानबाईले रोशनी पाहिजेच." दोन वर्षांत पहिल्यांदा पोराच्या तोंडून पोरीचं नाव आपणहून निघालं. तुमचं दोघांचं जे झालं ते झालं, मी त्यात पडत नाही. पण बाप आहे तो.

हो की नाही ते लवकर कळव. मला भिंती सारवायच्या आहेत.

भिकुबाई

---

अमळनेर
३ ऑगस्ट २०२४

आत्या,

पत्र मिळालं. सोमवारचा दिवस देते. सोमवारी विसर्जन झालं की संध्याकाळी धुळ्याच्या स्टँडवर मी उभी असेन, नेहमीच्या जागी, रसवंतीसमोर.

एक गोष्ट मनात आली ती लिहिते. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचा गहू तुम्ही घरातल्या पुरुषांच्या नावानं काढता. एकेकाचं नाव घ्यायचं, सव्वा मूठ गहू सुपात टाकायचा. सहा वर्षं मी तुमच्या शेजारी सूप धरून बसले आहे. रोशनी झाली त्या वर्षी मी म्हटलं होतं, हिची पण मूठ काढा. तुम्ही म्हणालात, पोरीची मूठ नसते आपल्यात. मग ज्या पूजेत तिची मूठ नाही, तिथे किरणला ती याच वर्षी का हवी आहे?

कोर्टाच्या कागदातली ओळ पुन्हा लिहून देते, रागावू नका. माझ्या लेखी संमतीशिवाय रोशनीला महाराष्ट्राबाहेर नेता येणार नाही. तुम्ही तिथे जबाबदार म्हणून सही केली आहे. किरणवर माझा विश्वास नाही. तुमच्या सहीवर आहे.

तिला दूध गरम लागतं. गरम म्हणजे कोमट.

हेमलता

---

साक्री
६ ऑगस्ट २०२४

हेमलता,

कोमट दूध मला शिकवू नको. तुझा नवरा मीच वाढवला. (कसा वाढवला ते तू म्हणशील. म्हण.)

किरणला पोर का हवी म्हणून विचारतेस. बापाला पोर का हवी याला कारण लागतं का? तुला वकिलानं संशयाचा चष्मा दिलाय, तो झोपताना तरी काढत जा.

आणि परराज्य परराज्य काय लावलंय? मी कुठे नेणार तिला, काश्मीरला? साक्रीच्या बाजाराच्या पुढे माझं जाणं नाही. भिंती सारवून झाल्या, गहू निवडून झाला. शनिवारी धुळ्याला घ्यायला येते.

भिकुबाई

---

अमळनेर
१३ ऑगस्ट २०२४

काल शेवटची अमळनेर गाडी सुटेपर्यंत मी स्टँडवर उभी होते. साक्रीची प्रत्येक बस आली की दाराशी जात होते. एका कंडक्टरनं विचारलं, ताई, कोणाला शोधताय? तोवर पुढची बस लागली, मी तिच्या दाराशी गेले.

तुमचा फोन बंद आहे. किरणनं एकदा उचलला. "पोरगी माझ्याकडे सुरतेत आहे, मजेत आहे, तुझ्या वकिलाला सांग," एवढंच बोलला. त्यानंतर त्याचाही बंद.

आज तुमच्या भाऊबंदांतल्या सुनंदाबाई सुरतेच्या उधन्याहून परत आल्या. त्या सहज सांगत होत्या, कानबाईपुढे तुमची रोशनी काय नाचली! सगळ्यांना माहीत होतं. मलाच नव्हतं.

सुनंदाबाईंचे यजमान झुलालभाऊ उद्या उधन्याला कामावर जात आहेत. हे पत्र त्यांच्या हाती देते, तुमच्याच हातात द्या म्हणून सांगितलं आहे. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात की तुम्हालाही फसवलं, मला माहीत नाही. आणि आता त्यानं फरक पडत नाही. सही तुमची आहे. माझी मुलगी कुठे आहे?

हेमलता

---

उधना
१५ ऑगस्ट २०२४

हेमलता,

पोर माझ्या डोळ्यासमोर आहे. आत्ता अंगणात झेंडा घेऊन पळते आहे. आधी हे वाच आणि पाणी पी. बाकीचं मग.

शनिवारी तुझी बस हलली आणि किरण जीप घेऊन समोर उभा. म्हणाला, यंदा कानबाई तोतारामआबाकडे उधन्याला बसते, बठ्ठे भाऊबंद तिकडेच जमणार, चल. तोतारामआबा माझे थोरले जेठ, त्यांच्या शब्दापुढे आमच्यात कोणी जात नाही. मी विचारलं, विचारलं नाही असं समजू नको, "कागदाचं काय रे?" तर हसला. "आय, सुरत का परराज्य शे?"

आणि हेमलता, मला ते पटलं. आपल्या गावातली अर्धी घरं उधन्यात. चक्कीवाला आपला, न्हावी आपला, भाजीवाली आपली. कानबाईची गाणी इथे आपल्या गावापेक्षा मोठ्यानं म्हणतात. नवापूरच्या ठेसनात एक बाकडं आहे, अर्धं गुजरातेत नि अर्धं महाराष्ट्रात, त्यावर बसलेल्या माणसानं कोणत्या कोर्टात जायचं ते तुझ्या वकिलाला विचार. मी जीपमध्ये चढले. वाटेत साक्रीला घरी जीप थांबवली, निवडलेल्या गव्हाची पिशवी पण घेतली.

सोमवारी विसर्जन झालं. मी पिशवी भरली, म्हटलं चला, हेमलता स्टँडवर येईल. किरण म्हणाला, "फोन दे, रिचार्ज मारस." तो रिचार्ज अजून मारतोच आहे.

परवा जेठाणीच्या खोलीत चादर काढायला गेले. खुंटीला गणवेश टांगलेला. निळा फ्रॉक, पांढरा पट्टा, कंबर रोशनीच्या मापाची. हात लावून बघितला, इस्त्री केलेला. असा गणवेश एका दिवसात शिवून होत नाही. म्हणजे मला फोन करून "कानबाईले रोशनी पाहिजेच" म्हणाला तेव्हा शिंप्याकडे कापड पडलेलं होतं. खाली नवी पिशवी, त्यात गुजराती बाराखडी.

तू मुठीचं लिहिलं होतंस. मी चष्म्याचं लिहिलं. जाऊ दे.

किरणला धरला. म्हटलं, हे काय? "आय, पोर आते आठेच, सुरतमाच शिकी. तू मधे नको पडू." तोतारामआबांना सांगितलं. ते म्हणाले, "बापनी पोर बापजोडे शे, तुन्हं काय दुखस?" माझं काय दुखतं ते माझं मला माहीत.

पोर दिवसभर खेळते. संध्याकाळ झाली की दारात जाऊन बसते. काही मागत नाही. ते मला बघवत नाही.

मला थोडा वेळ दे. मी किरणची आई आहे, माझं ऐकेल.

भिकुबाई

---

अमळनेर
१७ ऑगस्ट २०२४

आत्या,

तो तुमचं ऐकणार नाही. ऐकणारा असता तर त्यानं तुमचा फोन घेतला नसता.

आता बाकड्याचं उत्तर. वकिलांना विचारलं. ते म्हणाले, मुलाच्या ताब्याचा दावा कुठे चालणार हे ठरवताना कोर्ट बघतं की मूल नेहमी राहतं कुठे. आज ती अमळनेरची आहे. शाळा इथली, डॉक्टर इथला. तिथे तिचं नाव शाळेत घातलं, काही महिने गेले, की किरण म्हणेल ती सुरतेची आहे. मग मी उधन्याच्या गाड्या धरायच्या, तिथल्या वकिलाला शोधायचं, आणि प्रत्येक तारखेला ती मला थोडी थोडी विसरणार. वेळ तुम्ही मागताय, पण वेळच त्याला हवा आहे.

मंगळवारी मी कोर्टात अर्ज देते आहे. त्यात किरणच्या नावाखाली तुमचं नाव आहे. वकील म्हणाले, ताबा त्यांच्या हातात दिला होता, सही त्यांची आहे, नाव टाकावंच लागेल. मी नको म्हणाले नाही.

तुमचं पत्र घेऊन आलेले झुलालभाऊ उद्या, रविवारी, परत जात आहेत. म्हणून हे लिहून देते, नाहीतर लिहिलं नसतं.

हेमलता

---

दोंडाईचा
२१ ऑगस्ट २०२४

हेमलता,

सोमवारी तुझ्या दारात आले तेव्हा तू पोरीला आत ओढलंस आणि दार लावलंस. बरोबर केलंस. मी असते तर चप्पल पण काढली असती. पण पोर परत कशी आली ते तुला माहीत पाहिजे. मंगळवारी कोर्टात तू काय दिलंस ते मला माहीत नाही. देऊन झालं असेल तरी वाच.

तुझी चिठ्ठी रविवारी दुपारी मिळाली. वाचली आणि चुलीत घातली, जेठाणीचे डोळे लांब आहेत. दुसऱ्या दिवशी राखी. मी सगळ्यांसमोर ताट वाढताना बोलले, "उद्या सकाळच्या गाडीनं दोंडाईच्याला जाते, सुकदेवला राखी बांधायला."

सुकदेव माझा धाकटा भाऊ, तुझ्या लग्नात आंबे घेऊन आला होता तो.

किरण म्हणाला, "जा ना. मंगळवारी ये परत."

म्हटलं, "रोशनीला नेते. तुझ्या मामानं तिला दोन वर्षांत बघितलं नाही."

"पोरले कसाले?" त्याचा घास थांबला.

"मामाकडे रिकाम्या हातानं जाऊ का? नात म्हणून दाखवायला माझ्याकडे दुसरं काय आहे? तू चल मग. तू ये बरोबर."

त्याला मार्केटात माल उतरवायचा होता. तो आबांकडे बघायला लागला. मी आबांकडे बघितलंच नाही, वरण वाढत राहिले. शेवटी आबाच म्हणाले, "राखीले बहीणले आडावू नही. जाऊ दे." राखीला बहिणीला अडवलं की भावावर येतं, हे मानणारी माणसं ती. मी पण मानते.

सकाळी ठेसनावर किरणनंच तिकिटं काढून दिली. दोंडाईच्याची. पोरीला बिस्किटाचा पुडा घेतला. खिडकीतून तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "उद्या तुला नवीन शाळा दाखवतो हां." माझा पोटचा आहे तो. गाडी हलल्यावर मी त्याला दिसेनासा होईपर्यंत बघितला. ते तुला कळणार नाही, आणि कळू पण नये.

समोर एक बाई बसली होती, व्याऱ्याची. तिचा फोन मागितला. सुकदेवचा नंबर मला पाठ, बाकी कोणाचा नाही. म्हटलं, फलाटावर ये, आणि अमळनेरची दोन तिकिटं काढून ये, एक मोठं, एक अर्धं. विचारतो, "अक्का, उतरणार नही का?" म्हटलं, प्रश्न नंतर.

नवापूरला गाडी थांबली. ते बाकडं समोरच होतं. दोन माणसं वडापाव खात बसली होती, एक इकडच्या राज्यात, एक तिकडच्या. तुला लिहिताना मला ते मोठं शहाणपण वाटलं होतं. आता वाटत होतं, गाडी एवढी का थांबली आहे. डब्यात शिरणारा प्रत्येक निळा सदरा मला किरण वाटायचा. रोशनी म्हणाली, "आजी, माझा हात दुखतोय." बघते तर मी तिचं मनगट धरून बसलेली, बोटं उमटलेली.

दोंडाईच्याला सुकदेव पळत आला. गाडी कितीशी थांबणार! तो दाराकडे चाललेला. मी ओरडले, "इकडे! खिडकीत हात घाल!" त्यानं गजातून हात घातला. राखी पिशवीत, पिशवीची गाठ सुटेना, दातानं तोडली. कुंकू नाही, ओवाळायला ताट नाही. बांधली. रोशनीनं पण एक बांधली, बिस्किटाच्या पुड्याची चकचकीत पट्टी. सुकदेवनं दुसऱ्या हातानं तिकिटं आत टाकली. म्हणाला, "अक्का, ओवाळणी राहिली."

"हीच ओवाळणी," मी म्हटलं. तेवढ्यात गाडी हलली, तो गजाला धरून चार पावलं पळाला.

म्हणजे मी खोटं बोलले नाही. दोंडाईच्याला भावाला राखी बांधायला जाते म्हणाले होते, बांधली. पुढे जाणार नाही असं कुठे म्हणाले होते?

तुझ्या दारातून परत फिरले ती इथे सुकदेवकडे आले. किरणचा फोन सुकदेवच्या फोनवर येतो. काय काय बोलतो ते लिहीत नाही. तोतारामआबांनी निरोप पाठवला, आजपासून भिकुबाई आमच्या रोटात नाही. रोट भाऊबंदांनीच खायचा असतो, बाहेरच्याला देत नाहीत, तुला माहीतच आहे. म्हणजे मी आता बाहेरची.

पोर जेवते का नीट? दारात बसते का अजून? एवढं कळव. माझं नाव अर्जात राहू दे, मला त्याचं काही नाही.

भिकुबाई

---

अमळनेर
३० ऑगस्ट २०२४

आत्या,

जेवते. दारात बसत नाही. पहिले तीन दिवस मी बाथरूमला गेले तरी दाराला टेकून उभी राहायची. आता कमी आहे.

अर्ज दिला. कोर्टानं किरणला नोटीस काढली, आणि चोवीस सप्टेंबरपर्यंत त्याच्या भेटी थांबवल्या. त्यात तुमचाही दुसरा शनिवार आला. वकिलांनी विचारलं, आजीच्या शनिवारासाठी वेगळं मागायचं का? मी मागितलं नाही. का मागितलं नाही ते मलाही नीट सांगता येत नाही. तुम्ही तिला परत आणलंत. पण तुम्हीच तिला नेलंत. दोन्ही एकाच वेळी डोळ्यासमोर येतं, आणि मला स्टँडवरचा तो कंडक्टर आठवतो.

वकिलांचं म्हणणं आहे, चोवीस तारखेला तुम्ही येऊन सांगितलंत की हे किरणनं आधीपासून ठरवलं होतं, गणवेश शिवून ठेवला होता, तर त्याला यापुढे रोशनीला एकट्याने कुठेही नेता येणार नाही. तुम्ही नाही सांगितलंत तर तो म्हणेल, आईच सणाला घेऊन आली, मी काय केलं. तुमच्यावर जबरदस्ती नाही. आईला मुलाविरुद्ध उभं करायला मला बरं वाटत नाही. पण विचारते आहे.

रोशनी विचारते, सुकदेवमामाच्या हातावरची बिस्किटाची राखी अजून आहे का.

हेमलता

---

साक्री
५ सप्टेंबर २०२४

हेमलता,

राखी आहे. सुकदेव आंघोळीला जाताना काढून ठेवतो, परत घालतो. वेडा आहे.

चोवीसला येते. जे झालं ते सांगेन, कमी नाही, जास्त नाही. गणवेश सांगेन, फोन सांगेन. जीपमध्ये मी माझ्या पायानं चढले ते पण सांगेन, तुझ्या वकिलाला ते नको असलं तरी. किरण वाईट बाप आहे असं मी म्हणणार नाही, मला विचारू पण नका. पोरीवर त्याचा जीव आहे. पण जीव आहे म्हणून दुसऱ्याच्या हातातून ओढून न्यायची नसते. हे त्याला शिकवायचं राहून गेलं, आणि आता मला कोर्टात उभं राहून शिकवावं लागणार. तो माझ्याकडे बघेल तेव्हा मी कुठे बघू, तेवढं मला सुचत नाही. तुझ्याकडे बघेन.

सोबत एक डबा आहे, सुनंदाबाईकडे दिला. ती इकडे आली होती, आबांना न सांगता. त्यात रोट आहे. कानबाई होऊन गेली, पौर्णिमा होऊन गेली, आता रोट करत नाहीत. मी केला. उधन्याहून पिशवी आणायची राहिली, म्हणून घरातला गहू घेतला. सूप धरायला कोणी नव्हतं, पायानं दाबून धरलं. नाव घेतलं, "रोशनी," आणि सव्वा मूठ काढली. हात अडला नाही. कानबाई काही म्हणाली नाही. ती पण बाईच आहे.

मग तुझ्या नावाची काढली. मग वाटलं आता कोण विचारतंय, माझी पण काढली.

रोट कुळाबाहेरच्याला देत नाहीत. म्हणून तर तुला पाठवते.

दोघी खा. कोरडा लागेल, दुधात बुडवून खा. कोमट. डबा स्टीलचा आहे, माझ्या रुखवतातला, परत पाठव. रिकामा पाठवू नको, तेवढी रीत तुला ठाऊक असेल.

भिकुबाई

---

अमळनेर
१० सप्टेंबर २०२४

आत्या,

रोट दोघींनी खाल्ला. रोशनीनं विचारलं, यातली माझी मूठ कुठली? मी म्हटलं, शोध. ती बराच वेळ तुकडे बघत बसली होती.

वकिलांना विचारलं. माझ्या घरी, माझ्यासमोर कोणी भेटायला आलं तर कोर्टाची काही हरकत नाही.

डबा मी पाठवणार नाही. येत्या शनिवारी येऊन घेऊन जा. दुसरा शनिवार आहे. पोरीला बाहेर नेता येणार नाही, गल्लीच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही. घरातच बसायचं. दार मी उघडेन.

हेमलता